आपण भरतो त्या रजिस्टरचं पुढे होतं काय? (लर्निंग हेल्थ सिस्टिमबद्दल विचारायचंय)

उपकेंद्रातली_सिस्टर

नमस्कार. मी आरोग्यसेविका आहे, उपकेंद्रावर, अकरा वर्षं झाली. मागच्या आठवड्यात जिल्ह्याला ट्रेनिंग होतं, तिथे एका मॅडमनी लर्निंग हेल्थ सिस्टिम असा शब्द सांगितला. म्हणजे दवाखान्यात रोज जे काम होतं त्यातूनच संशोधन व्हायचं, आणि त्यातून जे कळलं ते परत रोजच्या कामात यायचं, परत त्याचं काय झालं ते बघायचं, असं चक्र. मला ते पटलं, अगदी मनापासून पटलं. पण तिथे बसल्याबसल्याच वाटलं की या चक्राचा अर्धा भाग तर मी रोज करतेच आहे की.

गरोदर मातांचं रजिस्टर, लसीकरणाचं, बीपी शुगरचं, टीबी संशयितांचं, जन्म मृत्यूचं, आणि तेच सगळं परत पोर्टलवर. नेट नसलं तर रात्री घरी बसून. आशाताई वेगळं भरतात, गटप्रवर्तक ताई वेगळं भरतात. अकरा वर्षांत हे सगळं वर गेलं आणि वरून माझ्याकडे काय आलं तर अमुक कॉलम रिकामा का आहे म्हणून फोन. "सिस्टर तुमच्या पाच गावांत जन्मताना कमी वजनाची बाळं जास्त दिसतायत, बाकीच्यांपेक्षा वेगळं काय आहे बघू" असं मला आजपर्यंत एकदाही कुणी म्हटलेलं नाही.

तर दोन प्रश्न आहेत. हे चक्र खरंच कुठे पूर्ण फिरलंय का, म्हणजे खेड्यातल्या बाईनं वहीत लिहिलं आणि त्यानं उपचार बदलले असं? आणि माझ्या पातळीवर, कुणाची परवानगी न मागता, काही करता येतं का? कृपया मोठे मोठे शब्द नकोत, काम सांगा.

---

वैनगंगेकाठचा

ताई, तुम्ही जे विचारून राहिल्या ते झालंय आणि आपल्याच राज्यात झालंय. एवढंच नाही, त्याचं कार्ड तुमच्या आशाताईंच्या पिशवीत आत्ता असेल. 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी बाळाच्या घरी जायचं, वजन ताप श्वास बघायचा, ते एचबीएनसी (नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायचा कार्यक्रम) कुठून आलं माहितीये? गडचिरोलीतून. मी तिकडचाच आहे, आता पब्लिक हेल्थ शिकतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली सर्च ही संस्था सुरू केली. आधी न्यूमोनियावर काम केलं, गावातल्याच माणसांना शिकवून, त्याचा निकाल 1990 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात मला सगळ्यात आवडतं ते श्वास मोजायचं साधन. ज्या बाईला मोजणी नीट जमत नाही तिनं बाळाचे श्वास कसे मोजायचे? तर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेवर मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर समजायचं न्यूमोनिया. बास. हे सुचतं ते जी बाई काम करणार आहे तिच्यासोबत बसल्यावरच.

मग प्रश्न आला नवजात बाळांचा. त्यांनी लगेच औषधं वाटायला सुरुवात केली नाही, हे लक्षात घ्या. आधी एक वर्ष गावातल्या आरोग्यदूत बायांनी (पाचवी ते दहावी शिकलेल्या) घरोघरी जाऊन फक्त नीट बघितलं आणि लिहिलं, बाळाला पहिल्या 28 दिवसांत काय काय होतं ते. निघालं काय, तर निम्म्याहून जास्त बाळांना डॉक्टरची गरज पडेल असा काही ना काही त्रास होतो, आणि प्रत्यक्षात उपचार मिळालेली बाळं शंभरात तीनसुद्धा नाहीत. म्हणजे "बाळाला दवाखान्यात न्या" एवढंच सांगत बसणं त्या गावांत कामाचं नव्हतं. बाळंतीण घराबाहेर पडत नाही, नदीला पाणी, गाडी नाही. उपचारच घरात न्यायला पाहिजे. मग बाळाला उबदार ठेवणं, दूध, वजन, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणं, आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा त्याच आरोग्यदूतानं द्यायचं. 39 गावांत हे केलं आणि 47 गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी. हे 1999 ला छापून आलं.

पुढचा भागही सांगायलाच पाहिजे. नंतर अंकुर नावानं महाराष्ट्रातच अजून सात ठिकाणी हे करून बघितलं, दुसऱ्या संस्थांनी, कारण एका जागी झालं म्हणजे सगळीकडे होईलच असं नसते. केंद्र सरकारनं देशभर एचबीएनसी आणलं 2011 ला. 1999 ते 2011, मोजा तुम्हीच. बारा वर्षं. त्यातही इंजेक्शनचा भाग आशाताईंच्या कामात आला नाही, आणि 2014 ला एएनएमना परवानगी मिळाली की रेफर करणं शक्य नसेल तेव्हा लहान बाळाला जेंटामायसिन द्यायचं. म्हणजे तुम्हाला, सिस्टर. तुमच्या हातातल्या त्या इंजेक्शनमागे आमच्या गावातल्या बायांनी लिहिलेल्या वह्या आहेत.

आणि तुमच्याकडे आणि तिथे फरक कुठे पडला ते मला असं वाटतं, की तिथे जिनं लिहिलं तिच्यासमोरच बसून ते वाचलं गेलं. डॉक्टर गावात जाऊन वही तपासायचे आणि बाळही बघायचे. वही आणि बाळ एका वेळी.

---

लीड्सची_सुजाताताई

सिस्टर नमस्कार, मी मूळची सांगलीची, इथे इंग्लंडमध्ये सरकारी हॉस्पिटलात वॉर्ड नर्स आहे. वरच्या दादांनी बारा वर्षं म्हटलंय ना, मी तीन महिन्यांचं उदाहरण देते कारण ते मी स्वतः वॉर्डात बघितलं.

मार्च 2020, कोविड नुकताच आलेला, कुणालाच काही माहीत नाही, प्रत्येक डॉक्टर आपापल्या अंदाजानं औषध देतोय. ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी रिकव्हरी नावाची ट्रायल काढली. पहिला पेशंट 19 मार्चला घेतला. वेगळी रिसर्चची टीम, वेगळे कक्ष, जाड जाड फॉर्म, तसलं काही नाही. आमच्यासारख्या साध्या वॉर्डातल्या डॉक्टर आणि नर्सेसनी पेशंटला समजावून सांगायचं, सही घ्यायची, कॉम्प्युटरवर एक छोटा फॉर्म भरायचा आणि कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं सांगणार की याला नेहमीचे उपचार की नेहमीचे उपचार अधिक हे औषध. नंतर परत एकदाच फॉर्म, डिस्चार्जला किंवा 28 व्या दिवशी किंवा पेशंट गेला तर. बाकीची माहिती देशाच्या आरोग्य नोंदींतून आपोआप जोडली जायची. आमच्यावर ओझं इतकं कमी होतं म्हणूनच ते त्या दिवसांत जमलं, नाहीतर पीपीई घालून बारा बारा तास उभं राहून कुणी चाळीस पानं भरली असती सांगा.

16 जूनला डेक्सामेथासोनचा निकाल आला. जुनं, स्वस्त, आपल्या गावातल्या मेडिकलमध्येही मिळणारं औषध. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्यांमध्ये एक पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा नाही, उलट त्रास व्हायची शंका. निकाल आला त्याच दिवशी देशभर वापरायला परवानगी, आणि आमच्या वॉर्डात संध्याकाळच्या राउंडला ते औषध चार्टवर आलं. मी कित्येक फॉर्म स्वतः भरले होते त्यातले. त्या संध्याकाळी मी पॅन्ट्रीत जाऊन रडले. आपण लिहिलेलं परत येतं तेव्हा काय वाटतं ते सिस्टर तुम्हाला कळेल म्हणून सांगितलं.

त्याच ट्रायलनं हेही दाखवलं की हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा उपयोग नाही. ते थांबवणं पण तितकंच महत्त्वाचं होतं.

---

फिजिशियन_नाशिक

सुजाताताईंनी सांगितलेल्या गोष्टीची दुसरी बाजू लिहितो, थोडं जड जातंय पण लिहितो.

भारतात संशोधन झालं नाही असं कृपया कुणी म्हणू नका. आयसीएमआरनं 2020 च्या एप्रिल ते जुलैमध्ये देशभरातल्या 39 हॉस्पिटलांत प्लाझ्माची (कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव भाग) ट्रायल केली, प्लॅसिड नाव होतं, 464 पेशंट. महामारीच्या ऐन मध्यात आपल्या सरकारी आणि खाजगी वॉर्डांतून हे करून दाखवलं, जगात प्लाझ्मावर इतक्या लवकर इतकी नीट ट्रायल फार थोड्यांनी केली. निकाल ऑक्टोबर 2020 ला बीएमजे नियतकालिकात छापून आला की प्लाझ्मानं ना मृत्यू कमी होतात ना आजार वाढायचा थांबतो.

आणि मग एप्रिल 2021 आठवा. "अर्जंट बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा" हे मेसेज रात्री दोन वाजता. मुलं बापासाठी जिल्हे पालथे घालत होती, बरे झालेल्या लोकांच्या घरी जाऊन हात जोडत होती. निकाल येऊन सहा महिने झाले होते. मी स्वतः प्लाझ्माच्या चिठ्ठ्या लिहिल्यात. मला निकाल माहीत होता, वरवर माहीत होता, पण गाइडलाइनमध्ये प्लाझ्मा अजून होता, शेजारचे डॉक्टर देत होते आणि नातेवाईक समोर उभं राहून विचारत होते की डॉक्टर काहीच नाही का करणार. 17 मे 2021 ला तो राष्ट्रीय गाइडलाइनमधून काढला. तोपर्यंत लाट ओसरायला लागली होती. त्या पोरांची धावपळ, पैसे, आणि आईबापाजवळ बसायला मिळाले असते ते शेवटचे तास, हे मला अजून सुटत नाही.

स्टेरॉइडचंही तसंच. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडच, आणि रिकव्हरी ट्रायलनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या, ऑक्सिजनवरच्यांना द्या आणि बाकीच्यांना देऊ नका. आपल्याकडे पहिलं वाक्य गावोगाव पोचलं, दुसरं पोचलं नाही. पहिल्या दिवसापासून, घरी, शुगर न बघता, दुप्पट तिप्पट डोस. पुढे म्युकरचे (काळ्या बुरशीचे) पेशंट आले तेव्हा त्यांच्या कागदांत हेच दिसायचं, वाढलेली शुगर आणि भरमसाट स्टेरॉइड.

म्हणून सिस्टर, चक्र तुटतं ते संशोधनाच्या जागीच तुटतं असं नाही. ज्ञान तयार होतं, पण शेवटच्या माणसाच्या टेबलावर ते कुणी आणून ठेवायचं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. तुमच्या ट्रेनिंगच्या त्या चित्रातला हा खाली येणारा बाण आहे ना, त्याला पगार असलेला माणूस लागतो, तारीख लागते, फोन लागतो.

टीबीचं एक सांगतो, ते तुमच्या थेट कामाचं आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत रेशन्स नावाचा अभ्यास झाला, 2800 टीबी पेशंट, निकाल 2023 ला. पेशंटला दर महिन्याला कोरडा शिधा दिला, काही घरांत कुटुंबालाही दिला. ज्या घरांत कुटुंबाला शिधा मिळाला तिथे घरच्यांना नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण साधारण 40 ते 50 टक्क्यांनी कमी. आणि ज्या पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत 5 टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसला. निक्षय पोषणचे (सरकार टीबी पेशंटला खुराकासाठी महिन्याला देतं ते) 500 चे 1000 झाले ते नोव्हेंबर 2024 पासून, ते तुम्हाला माहीत आहेच. पण वजनाचं कुणी सांगितलं होतं का? तुमच्याकडे वजनकाटा आहे. 40 किलोचा माणूस दोन महिन्यांनी 42 झाला का, एवढं बघा. झाला नसेल तर त्याच्या घरी जा आणि एमओंना (आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना) सांगा. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

---

कायद्याचं_शिकतेय

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. रोजच्या उपचारातच संशोधन करायचं म्हटलं की पेशंटला कळतं का की आपल्यावर अभ्यास चाललाय?

2009 मध्ये आंध्रातल्या खम्मम (आता तेलंगणात आहे) आणि गुजरातमध्ये वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची) देण्याचा एक अभ्यास झाला. सरकारी यंत्रणेतूनच दिली, त्यामुळे लोकांना वाटलं नेहमीची सरकारी लस आहे. आश्रमशाळेतल्या, वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. 2010 ला तो थांबवला आणि 2013 ला संसदेच्या समितीनं फार कडक शब्दांत अहवाल दिला. काही मुलींचे मृत्यू झाले होते, ते लशीमुळे झाले असं चौकशीत निघालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. एचपीव्हीची लस चांगली आहे, मी स्वतः घेतली. पण त्या प्रकरणामुळे लशीवरचा विश्वास किती वर्षं मागे गेला विचार करा. संमतीत घाई केली की नुकसान त्या चांगल्या औषधाचंच होतं.

सिस्टर, तुमच्या रजिस्टरमधल्या बाईनं तुम्हाला माहिती दिली ती तुमच्यावर विश्वास ठेवून, तिच्या बाळाच्या लशीसाठी दिली. ती अजून कुठे वापरणार असतील तर तिला सांगायला पाहिजे. आता आभा कार्डानं (आरोग्याच्या नोंदींसाठीचं सरकारी ओळखपत्र) सगळं जोडलं जाणार आहे तर हे जास्तच महत्त्वाचं.

---

वैनगंगेकाठचा

@कायद्याचं_शिकतेय बरोबर आहे ताई, हे मी लिहायला पाहिजे होतं. पण थोडा फरक करतो. सिस्टर स्वतःच्या पाच गावांची वही बघून स्वतःचं काम सुधारते, त्यात नवं औषध नाही, चिठ्ठ्या टाकणं नाही, कुणाचं नाव बाहेर जात नाही, तर ते तिचं रोजचं कामच झालं. नवीन उपचार करून बघायचा असेल, किंवा माहिती बाहेर द्यायची असेल, तिथून पुढे एथिक्स कमिटी आणि संमती लागतेच.

अजून एक, आकडे खरे यायचे तर ज्यानं लिहिलं त्याला मार नको बसायला. आपल्याकडे 2001 ला कोवळी पानगळ हा अहवाल आला होता, महाराष्ट्रातल्या बऱ्याच संस्थांनी मिळून गावोगाव आणि वस्त्यांमध्ये बालमृत्यू स्वतः मोजले तेव्हा सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त निघाले. नोंद केली की नोटीस येते असं असेल तर मृत्यू कागदावरून गायब होतो आणि त्याच्यासोबत त्याचं कारणही जातं. मग शिकणार काय.

---

उपकेंद्रातली_सिस्टर

सगळ्यांचे खूप आभार, मी हा धागा दोनदा वाचला आणि आशाताईंना पण वाचून दाखवला. शेवटचं जे लिहिलंय ना नोटिशीचं, ते अगदी खरं आहे. एका माता मृत्यूच्या अन्वेषणाला मी बसले होते काही वर्षांपूर्वी, दोन तासांत चूक कुणाची एवढंच झालं. त्या बाईला रात्री गाडी का मिळाली नाही हे शेवटी कुणी विचारलंच नाही, आणि मीही बोलले नाही.

असो. मी काय केलं ते सांगते. रविवारी आमच्या चार आशाताई आणि मी उपकेंद्रात बसलो, एचबीएनसीची कार्डं आणि माझं रजिस्टर घेऊन, आणि वर्षभरातल्या बाळांच्या तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटी कुणाच्या झाल्या कुणाच्या नाही एवढंच मोजलं. मला वाटत होतं आमच्या दोन वस्त्या लांब आहेत तिथल्या राहत असतील. तसं नव्हतंच. वस्तीवरच्या भेटी उलट नीट झाल्यात कारण ती आशाताई तिथलीच आहे. राहिलेल्यांपैकी निम्म्यापेक्षा जास्त बाळं माहेरी जन्मलेली आणि त्यातली बरीचशी पहिलटकरणींची. मुलगी सातव्या आठव्या महिन्यात माहेरी जाते, आमच्याकडे नोंद असते पण ती इथे नसते, आणि माहेरच्या आशाताईकडे ती गावात असते पण नोंद नसते. म्हणजे पहिलं बाळ, आईला काही माहीत नाही, आणि नेमकं तेच बाळ दोन्हीकडून सुटतं. आम्ही पाचही जणी गप्प झालो. दरवर्षी हे आमच्या डोळ्यांसमोर होतं, आमच्या स्वतःच्या पण पहिल्या डिलिव्हऱ्या माहेरीच झालेल्या.

सोमवारी एमओ सरांना कागद दाखवला, मला वाटलं म्हणतील कशाला नसते उद्योग, पण त्यांनी तो तालुक्याच्या मीटिंगला न्यायला मागून घेतला. आता ठरवलंय की सातव्या महिन्याच्या तपासणीला विचारायचं बाळंतपणाला कुठे जाणार, त्या गावचं नाव आणि तिथल्या आशाताईचा नंबर घ्यायचा, आणि मुलगी निघाली की त्या दिवशी त्या ताईला फोन करायचा. त्या मुलीला विचारून, सांगून. तसंच आमच्या गावात माहेरी आलेल्यांचं आम्ही करायचं. तीन महिन्यांनी परत रविवारी बसणार आणि मोजणार. आणि टीबीच्या सहा पेशंटचं वजन कालच घेतलं, एकाचं वाढलेलं नाहीये, उद्या जाते त्याच्याकडे.

रजिस्टरमध्ये माहेरच्या गावासाठी कॉलम नाही, म्हणून मी शेऱ्याच्या जागेत पेन्सिलीनं आखलाय.

---

लीड्सची_सुजाताताई

सिस्टर तीन महिन्यांनी इथे नक्की लिहा, मी वाट बघतेय. माझी पण पहिली मिरजेला माहेरीच झाली, तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली होती आणि शेजारच्या काकूंच्या लक्षात आली म्हणून बरं.

---

डोंगरावरची_एएनएम

मी फक्त वाचत असते इथे, पहिल्यांदा लिहितेय. आमच्याकडे ऊसतोडीला जातात बायका, दिवाळीनंतर गाव रिकामं, कारखान्यावर बाळंतपण होतं आणि परत येतात तेव्हा बाळ चार महिन्यांचं असतं, एकही भेट झालेली नसते. तुमचा तो पेन्सिलीचा कॉलम आखलेल्या पानाचा फोटो टाकता का, नावं झाकून. मुकादमाचा नंबर लिहायची पण जागा करावी लागेल मला.